डाव्या हाताचं सूत

नीलम्मा : पुन्हा?

पंचाक्षरी : पुन्हा. भिंतीवर मार, परत येऊ दे, आणि ह्या खेपेला डावीकडनं वळ. मी पाठीशी हाय. मला बॅक समज.

नीलम्मा : बॅक एवढी धापा टाकत नसती, अण्णा.

पंचाक्षरी : थट्टा पुण्याहून आल्यावर कर. उद्या सकाळी मैदानावर उभी राहशील तवा कुणी हसणार न्हाय. मार.

(सोलापूर स्टेशन, एकोणीसशे शहात्तरचा डिसेंबर, दुपार कलायला आलेली. पुण्याची गाडी केव्हाची यायची ती अजून आलेली नाही. फलाटाच्या पार टोकाला मालधक्क्याची भिंत आहे. तिच्याकडं तोंड करून नीलम्मा उभी, आणि तिच्या पाठीशी तिचा थोरला भाऊ पंचाक्षरी, त्याचंही तोंड भिंतीकडंच. दोन पिशव्या, एक फुटबॉल. पंचाक्षरीला स्वतःला बसवत नाही आणि तो दुसऱ्यालाही बसू देत नाही.)

नीलम्मा : हे घे. बघितलंस?

पंचाक्षरी : बघितलं. उजवीकडनंच वळलीस.

नीलम्मा : मला वाटलं डावीकडनं वळले.

पंचाक्षरी : वाटलं म्हणं! अगं, मिरजेच्या मॅचला त्या पुण्याच्या बाई काय म्हणून गेल्या? 'मुलगी पळते छान, पण पाठीशी कुणी आलं की एकाच अंगाला वळते.' तरी उद्याला बोलावलं हेच नशीब. महाराष्ट्राच्या टीमला पोरी निवडायच्यात, आणि त्याच बाई तितं खुर्ची टाकून बसलेल्या असणार. दोन बॉलात बॅकला कळंल, ही उजवीकडची हाय. मग ती उजवीकडं जाऊन उभीच राहील. काय करशील?

नीलम्मा : मागं पास देईन.

पंचाक्षरी : दर टायमाला मागं पास देणारी सेंटर फॉरवर्ड कोण घेतंय टीममध्ये?

नीलम्मा : हे सगळं नरसय्यामामाच्या सुताचं पाप हाय. माझं न्हाय.

पंचाक्षरी : आलं सूत.

नीलम्मा : खोटं हाय का? गल्लीत कायम डाव्या हाताला त्यांचं सूत ताणलेलं. खळ लावून वाळत घातलेलं, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. बॉल लागला की मामी तेलुगूत अशा सुरू व्हायच्या की अव्वा आतनं दार लावून घ्यायची. वर बॉल जप्त. मग डावीकडं कोण वळंल? तू तरी कुटं वळायचास?

पंचाक्षरी : म्हणूनच सांगतोय की. माझं झालं ते तुझं होऊ नये.

नीलम्मा : मामा पॉवरलूमवर जायला लागून दोन वर्षं झाली. गल्ली मोकळी हाय, कुणाचं सूत न्हाय, काय न्हाय. पायच ऐकंना त्याला मी काय करू?

पंचाक्षरी : पायाला सांगायचं, हितं सूत न्हाय. चल. उभं कसं राहायचं?

नीलम्मा : अर्धं वळून. एक खांदा बॅककडं. गुडघे सैल.

पंचाक्षरी : आणि बॉल यायच्या आधी?

नीलम्मा : मागं बघायचं.

पंचाक्षरी : कसं?

नीलम्मा : खांद्यावरनं. बॉल निघाला की एकदा, पोचायच्या आधी आणखी एकदा.

पंचाक्षरी : आणि काय बघायचं? नुसतं कोण हाय ते बघून उपयोग न्हाय. ती काय करायलीय ते बघ. अंगावर यायलीय, का नुसती उभी हाय. अंगावर आली तर बॉल झाकायचा, पास द्यायचा. उभी असंल तर खुशाल वळायचं. भिऊन आधीच ठरवू नको.

नीलम्मा : आणि भिऊन आधीच ठरवलं तर?

पंचाक्षरी : तर गेला बॉल. सिग्नल पडला का गं? तुला दिसतंय का तितनं?

नीलम्मा : न्हाय पडला. मगाच तर मास्तरला इचारून आलास की. होटगीला उभी हाय म्हणाला.

पंचाक्षरी : होटगीला उभी राहून काय करायलीय गाडी? एवढी ढांग टाकली की सोलापूर. सगळे दिस सोडून आजच.

नीलम्मा : तू बस जरा त्या बाकड्यावर. गुडघा दुखायला लागंल.

पंचाक्षरी : बसून काय करू? बसलो की तिकडं दुकानात बसलेले अप्पा आठवतात. अव्वाला नीट सांगितलंस न्हवं? अक्कलकोटला अक्कम्मा मावशीकडं चाललोय म्हणून?

नीलम्मा : सांगितलं. पण आई हाय ती. म्हणाली, 'मावशीकडं चाललाय तर तोंडं अशी का?'

पंचाक्षरी : आणि बुटं?

नीलम्मा : पिशवीत, खाली. वर साडी घातलीय.

पंचाक्षरी : बरं केलंस. मार.

नीलम्मा : हात गार पडलेत माझे. रात्री गाडीत कुडकुडणार आपण दोघंबी. मी अव्वाला म्हटलं होतं, दुकानातली ती चादर काढून दे. फळीवरची.

पंचाक्षरी : ती? ती अप्पा कुणाला देत न्हाईत. माझ्या लग्नात पाव्हणे वाढले, पांघरायला न्हवतं, तवा मागितली होती मी. 'ती न्हाय, ती ठिवलीय' म्हणाले. कुणासाठी ठिवलीय, कशाला ठिवलीय, पत्ता न्हाय. धान्याच्या दुकानात चादर! एक दिस उंदरं खातील, मग कळंल.

नीलम्मा : उंदरं खाणार न्हाईत. दर दिवाळीला खाली काढून, झटकून, परत तशीच घडी घालून ठेवतात. मी बघितलंय.

पंचाक्षरी : मार म्हणतो ना मी. बोलत बसू नको. आता ऐक, नवीन सांगतो. तुझी खोड हाय ती हाय. तिचाच उपयोग कर. आधी उजवा खांदा पाड. बॅकला वाटू दे, निघाली ही उजवीकडं. ती तिकडं झुकली की उजव्या पायाच्या आतल्या अंगानं बॉल डावीकडं ओढून घे आणि वळ. बॉल लांब न्हाय सोडायचा. पायात पाहिजे. बारीक पावलं टाकायची.

नीलम्मा : असं?

पंचाक्षरी : टाच! टाच उचल. डावी टाच रोवू नको. चवड्यावर राहा. टाच रोवली, अंग वळलं आणि गुडघा तितंच राहिला म्हणजे—

नीलम्मा : म्हणजे तुझ्यासारखं.

पंचाक्षरी : व्हय. माझ्यासारखं. जन्मात पहिल्यांदा डावीकडनं वळायला गेलो, ते बी फायनलला. कट्‍ असा आवाज आला. लोकांना वाटलं बॉल फुटला.

नीलम्मा : त्याच वर्षी ना? मुंबईला जायचं होतं ते राहिलं त्या वर्षी?

पंचाक्षरी : त्याच. मुंबईच्या मिलची टीम. ट्रायलला बोलावलं होतं. गेलो असतो तर हितली फायनल कशाला खेळलो असतो? गुडघा बी राहिला असता. नोकरी बी राहिली असती. आज हितं ज्वारी मापत बसलो नसतो.

नीलम्मा : ह्याच फलाटावर की?

पंचाक्षरी : ह्याच. गाडी लागलेली. मी डब्यात, खिडकीला. सहज बाहेर बघतो तर गर्दीतनं अप्पांचा पटका यायलाय. तांबडा. लांबनं ओळखला.

नीलम्मा : मग?

पंचाक्षरी : मग काय? नेलं घरी.

नीलम्मा : ओढून?

पंचाक्षरी : अप्पांना ओढायला लागतंय व्हय कुणाला?

नीलम्मा : काय म्हणाले?

पंचाक्षरी : काय म्हणणार?

नीलम्मा : तेच इचारतेय. काय म्हणाले?

पंचाक्षरी : काय न्हाय म्हणाले. अगं, दुकान टाकून अप्पा फलाटावर आले म्हणजे कशाला आले ते कळत न्हाय का माणसाला? मी उतरलो. म्होरं चालत सुटलो.

नीलम्मा : आणि ते?

पंचाक्षरी : मागनं.

नीलम्मा : घरापतूर कुणी कुणाशी बोललं न्हाय?

पंचाक्षरी : त्या गोष्टीवर आजपतूर न्हाय.

नीलम्मा : मग अप्पांनी अडवलं असं कसं म्हणतोस? सगळ्या गल्लीला सांगतोस. वहिनीला सांगितलंस. मला तर लहानपणापासनं सांगतोस, झोपताना गोष्ट सांगावी तसं.

पंचाक्षरी : तू लहान होतीस. तुला काय ठावं त्यांचा राग?

नीलम्मा : मला रागवले की मी सरळ तोंडावर इचारते. मिरजेला जायच्या टायमाला इचारलंच की. 'जा' म्हणाले. एक शब्द.

पंचाक्षरी : मिरज वेगळं. कॉलेजच्या बाई होत्या संगं. हे पुणं हाय, मैदान हाय, हजार माणसं बघणार. लिंगायताची पोरगी चड्डी घालून पळणार हे काय ते सोसतील व्हय? इचारलं असतं तर 'न्हाय'च म्हणाले असते.

नीलम्मा : इचारलंच न्हाय आपण. तूच इचारू दिलं न्हाईस.

पंचाक्षरी : मला ते पुन्हा बघायचं न्हवतं, नीला! तो पटका गर्दीतनं यायलेला मला पुन्हा बघायचा न्हवता. अजून झोपेत दिसतो. तुला कळत न्हाय ते.

नीलम्मा : अण्णा, एक सांग. पुण्याला मी जायलेय का तू?

पंचाक्षरी : म्हणजे?

नीलम्मा : सकाळपासनं बघायलेय. तूच घाबरायलास, तूच घामेजायलास. मला भ्या वाटायलंय ते इचारलंस का एकदा तरी? उद्या निवडलं न्हाय तर तुझं तोंड कसं होईल तेच माझ्या डोक्यात हाय. बॉल कुटनं दिसणार?

पंचाक्षरी : ...वाटायलंय का भ्या?

नीलम्मा : लई.

पंचाक्षरी : मला बी.

नीलम्मा : ते दिसतंय की. चल, उभा राहा पाठीशी. मारते.

पंचाक्षरी : मागं बघ आधी.

नीलम्मा : बघितलं.

पंचाक्षरी : मग थांबलीस का?

नीलम्मा : काय न्हाय. पाय जरा अडखळला. परत मारते.

पंचाक्षरी : बघ मागं. हां. पाड खांदा. अरारा! पाडलास खांदा आणि गेलीस पुन्हा उजवीकडंच. काय झालं? मन कुटं हाय तुझं?

नीलम्मा : हितंच हाय. थांब. बोलू नको. मला एकदा नीट बघू दे.

पंचाक्षरी : काय बघायचंय एवढं? मी हाय पाठीशी.

नीलम्मा : तूच म्हणालास ना, नुसतं कोण हाय ते न्हाय बघायचं.

पंचाक्षरी : व्हय. पण बॉल यायच्या आत बघायचं. अर्धा तास न्हाय.

नीलम्मा : बघितलं. आता मारते. सरक थोडा म्होरं, लाग अंगाला, खरी बॅक असल्यासारखा.

पंचाक्षरी : हा लागलो. ये आता. खांदा... आत्ता! ...ए!

नीलम्मा : वळले.

पंचाक्षरी : वळलीस! डावीकडनं! मला कळलंच न्हाय, मी झुकलो की उजवीकडं. खरंच झुकलो! टाच बी उचललेली होती. पायात बॉल. नीला, असंच, उद्या असंच. त्या बाईच्या नाकासमोर असंच वळायचं. पुन्हा मार.

नीलम्मा : माझं झालं. आता तू वळ.

पंचाक्षरी : मी? ह्या गुडघ्यावर?

नीलम्मा : दर टायमाला तू मला मागं बघायला लावायलास. मी बघायलेय. तुझी नजर मात्र माझ्या पायावरनं हलंना. एकदा बी मागं बघितलं न्हाईस तू.

पंचाक्षरी : काय हाय मागं?

नीलम्मा : अप्पा.

पंचाक्षरी : ...थट्टा करायलीस.

नीलम्मा : नळापाशी उभे हायत. तांबडा पटका.

पंचाक्षरी : कवापासनं?

नीलम्मा : मगा पाय अडखळला ना माझा, तवापासनं.

पंचाक्षरी : आणि बोलली न्हाईस?

नीलम्मा : काय बोलू? ते अंगावर यायले असते तर मी बोलले असते. उभे हायत नुसते. बघायलेत.

पंचाक्षरी : पिशवी घे. बॉल घाल आत. घरी जाऊ गप. फलाटावर तमाशा नको.

नीलम्मा : अण्णा, सिग्नल पडला.

पंचाक्षरी : पडू दे. पुढच्या वर्षी जा. मी बोलतो त्या बाईंशी. पत्र टाकतो. चल, म्होरं हो.

नीलम्मा : असाच उतरलास व्हय तू त्या टायमाला?

पंचाक्षरी : नीला, चल.

नीलम्मा : मी न्हाय येणार. मला कुणी 'चल' म्हटलेलं न्हाय अजून. तू म्हणायलास, ते न्हाय. अण्णा, त्यांच्या काखेत काय हाय ठावं हाय का?

पंचाक्षरी : काय?

नीलम्मा : चादर. फळीवरची.

पंचाक्षरी : ती? ती तर कुणाला...

नीलम्मा : तीच. वळून बघ की. अरे, डावीकडनं वळ, खांब हाय उजव्या हाताला. वळ. हितं सूत न्हाय.

ईश्वरप्पा (त्यांचे अप्पा) : हळू, तम्मा, हळू पोरा. गुडघा जप.

पंचाक्षरी : अप्पा, तिचा काय दोष न्हाय. मीच फूस लावली तिला. मीच खोटं बोलायला—

ईश्वरप्पा : अक्कलकोटची गाडी पल्याडच्या फलाटावर लागती.

नीलम्मा : अप्पा...

ईश्वरप्पा : आनि तुमची अक्कम्मा मावशी दुपारच्या यष्टीनं हितंच आलीया. दुकानात बसलीया. तिलाच गल्ल्यावर बसवून आलो.

नीलम्मा : अव्वाऽ!

ईश्वरप्पा : मावशीकडं जाताना बुटं कोन न्हेतंय, यव्वा? खुंटी मोकळी दिसली मला.

पंचाक्षरी : काय बोलायचं ते मला बोला. पण हिला न्हेऊ नका अप्पा. पाया पडतो. मला न्हेलंत तवा मी चकार शब्द काढला न्हाय. पण हिला जाऊ द्या. ही माझ्यापेक्षा चांगली खेळते.

ईश्वरप्पा : तुला कुटं न्हेलो मी?

पंचाक्षरी : त्या वर्षी. हितनंच.

ईश्वरप्पा : मी न्हेलो?

पंचाक्षरी : मग कशाला आला होतात?

ईश्वरप्पा : ही द्यायला.

नीलम्मा : चादर?

ईश्वरप्पा : असंच थंडीचं दिस हुतं. ह्यो एका शर्टावर पळाला. मुंबईची गाडी, रातभरचा परवास. म्हटलं काकडंल पोरगं. चाटी गल्लीत जाऊन घेतली, तवर गाडी लागली. धावत आलो. डब्यापतूर पोचायच्या आदी ह्योच खाली उतरला आनि म्होरं चालाय लागला.

पंचाक्षरी : हाक का मारली न्हाईत?

ईश्वरप्पा : मारली की. गाडीनं शिट्टी घातली त्यात गेली. मग भाईर रस्त्यावर तुजं तोंड बघितलं. पांढरं पडलेलं. मला वाटलं, पोरगं भ्यालं. एवढ्या लांब एकटं जायला भ्यालं. आता चादर दाखवली तर आनखी लाजंल. म्हनून तशीच काखेत धरून मागनं आलो. दुकानात फळीवर टाकली.

नीलम्मा : आणि हा सगळ्यांना सांगत फिरला, अप्पांनी अडवलं.

ईश्वरप्पा : आलं माज्या कानावर. म्हटलं, सांगू दे. भ्यालो म्हनन्यापरीस बरं. मानसात मान तरी ऱ्हाईल त्याचा.

पंचाक्षरी : आठ वर्षं अप्पा? आठ वर्षं मी तुमच्याशी नीट बोललो न्हाय.

ईश्वरप्पा : ठावं हाय की. एकाच दुकानात असतो मी.

पंचाक्षरी : एकदा तरी सांगायचं!

ईश्वरप्पा : तू बी कुटं इचारलास?

नीलम्मा : आणि आज? आज बी हाक मारली न्हाईत.

ईश्वरप्पा : आज भ्या वाटलं मला. हाक मारली तर ह्यो परत उतरून म्होरं चालाय लागंल, संगं तुला बी न्हेईल. म्हनून नळापाशी थांबलो. गाडी अडकून ऱ्हायली हे बरं झालं. न्हाय तर आज बी चुकामूकच हुती.

नीलम्मा : मग जाऊ मी? नीट सांगा अप्पा. मैदान हाय तितं. माणसं बघायला येतात. चड्डी घालून खेळायचं असतंय.

ईश्वरप्पा : साडी नेसून वळता येतंय व्हय?

नीलम्मा : न्हाय.

ईश्वरप्पा : मग? आत्ता डावीकडनं वळलीस ते लई ब्येस झालं बघ. नरसय्याला सांगतो. सुताला भिऊन भिऊन तुमी पोरं एकाच अंगाला वळायचा, तवा त्योच हासायचा.

नीलम्मा : गाडी! अण्णा, आली गाडी. पिशवी धर. बॉल कुटं गेला? अण्णा, ऐकतोस का?

पंचाक्षरी : ऐकतोय. चढ तू. तो डबा बघ, जागा हाय. खिडकी धर. नीला, ही चादर घे आत.

ईश्वरप्पा : तिला न्हाय. तुजी हाय ती. तिला द्यायची तर तू दे.

पंचाक्षरी : घडी तशीच हाय अप्पा.

ईश्वरप्पा : कोन उकलनार? तुजी हुती.

नीलम्मा : अप्पा, परवा येतो आमी. निवडलं तर तार करीन. न्हाय निवडलं तर...

ईश्वरप्पा : तर बी तार कर.

पंचाक्षरी : अप्पा, तुमी निघा आता. मावशीला भाव ठावं न्हाईत, कुणाला कायबी देऊन बसंल. गाडी हलंल एवढ्यात. जावा घरी.

ईश्वरप्पा : हलू दे. तू चढ आदी. आज तेवढं बघूनच जातो.